सलग पावसात बोटीचा तळ पुन्हा पुन्हा भरतोय? पंप बदलण्याआधी पाणी ओळखा

तक्रार दर पावसाळ्यात तीच. मृग-आर्द्रा बऱ्यापैकी निघून जातात. मग तरणा पाऊस लागतो, चार-चार दिवस उघडीप मिळत नाही, आणि बोटीच्या तळातला पंप रात्री-अपरात्री आपोआप सुरू व्हायला लागतो. थोडा वेळ चालतो, थांबतो, पुन्हा सुरू. माणसं पंप बदलतात, फ्लोट स्विच (पाणी चढलं की पंप आपोआप सुरू करणारा तरंगता खटका) बदलतात, नवी बॅटरी आणतात. आठवड्यात परत तेच. दिवाळीच्या सुमारास पाणी आपलं आपण थांबतं आणि विषय पुढच्या जूनपर्यंत मागे पडतो.

मी हे लिहितेय ते उत्तर गोव्यातल्या शापोरा नदीवरून. शिवोली-चोपडेच्या पट्ट्यात आम्ही दोघं बाराही महिने बोटीवर राहतो. बोट फायबरची, १० मीटर लांब, मूळची मासेमारीची. आत डिझेल इंजिन, वर नंतर वाढवलेली केबिन. आजूबाजूला ट्रॉलर असतात. १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात ते बांधून ठेवलेले असले, तरी राखणीला कोणी ना कोणी खलाशी त्यांवर राहतोच. सगळ्यांचं दुखणं एकच. खालचा मजकूर इथल्या नदीचा आणि इथल्या पावसाचा आहे, पण रत्नागिरीच्या खाडीत किंवा केरळच्या बॅकवॉटरमध्ये राहणाऱ्यालाही यातलं बहुतेक लागू पडेल.

शेजारच्या ट्रॉलरवरच्या वेंगुर्ल्याच्या तांडेलांचं म्हणणं असतं, "आधी पाणी खंयचा ता बघ, मगे पंपाक हात लाव." मला जे सांगायचंय ते एवढंच आहे. पंप पाणी बाहेर टाकतो, ते कुठून आलं हे सांगत नाही. आणि पावसाळ्यात तळात येणारं पाणी पाच ठिकाणचं असू शकतं: पावसाचं, नदीचं, आपल्या टाकीचं, मोरीचं, आणि आपल्याच श्वासाचं नि स्वयंपाकाचं. प्रत्येकाचा इलाज निराळा.

चवीवर जाऊ नका

उन्हाळ्यात निदान सोपं असतं. थेंबभर पाणी जिभेवर ठेवलं आणि खारट लागलं, तर ते नदीचं, म्हणजे खालून गळती. गोडं लागलं तर टाकीचं. जुलैत ही परीक्षा साफ फसवते, कारण नदीच गोडी झालेली असते. शापोऱ्याला पाणी येतं ते तिलारीच्या खोऱ्यातून, दोडामार्गाकडून. भर पावसात ते इतकं असतं की समुद्राच्या जवळसुद्धा ओहोटीला वरचा थर जवळजवळ गोडा असतो. भरतीचं खारं पाणी जड, ते तळाशी सरपटत आत येतं, आणि बोट तरंगते ती वरच्या गोड्या थरात.

मग होतं असं. तळातलं पाणी गोडं लागतं, म्हणून माणूस ठरवतो की केबिन गळतेय. छपरावर सिलिकॉनच्या नळ्या रिकाम्या होतात, आणि खाली शाफ्टच्या ग्लँडमधून, म्हणजे बोटीचा पंखा फिरवणारा दांडा जिथून बाहेर जातो तिथल्या पाणी अडवणाऱ्या जोडातून, नदी आत येतच राहते. उलटंही होतं. तळाच्या कोपऱ्यांत उन्हाळ्याचं मीठ साठलेलं असतं. पावसाचं स्वच्छ पाणी त्यावरून वाहत आलं की खारट लागतं, आणि घाबरून बोट ओढायची तयारी सुरू होते.

दुसरं कारण याहून गंभीर आहे. पुराच्या पाण्यात उंदरांचं मूत मिसळलेलं असतं आणि सिंधुदुर्ग-गोव्यात लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या तापाची) भीती खरी आहे. पुरात उंदीर दोरांवरून बोटीवर चढतातही. तळातलं पाणी तोंडात घालूच नका. हाता-पायाला जखम असेल तर रबरी हातमोजे आणि बूट घातल्याशिवाय तळात उतरू नका. पाण्यात काम केल्यावर महिन्याभरात कधीही ताप आला, पोटऱ्या दुखल्या, डोळे लाल झाले, तर डॉक्टरांना "मी पुराच्या पाण्यात होते" हे स्वतःहून सांगा.

वाटीत काय दिसतं

आधी तळ पूर्ण कोरडा करा. मोठ्या स्पंजने टिपा, एक बादली स्वच्छ पाणी फिरवा, पुन्हा टिपा. ही पायरी गाळली तर पुढचं सगळं वाया, कारण जुना गाळ नव्या पाण्याची ओळख बिघडवतो. मग पंपाचा स्वयंचलित स्विच बंद ठेवून, जागं राहून, चार-पाच लिटर पाणी साचू द्या. त्यातलं थोडं पांढऱ्या वाटीत घ्या आणि तास-दोन तास हलवू नका.

नदीचं पाणी असेल तर वाटीच्या तळाशी तांबूस साय बसते. हा जांभ्याचा गाळ. चिमटीत घेऊन चोळलात तर खर लागत नाही, बोटं बुळबुळीत होतात, आणि वाटी तिरकी केली की तो धुरासारखा वर उठतो. पाण्याच्या काठाला वाटीवर विटकरी रेघ राहते. पावसाचं पाणी वरून नितळ दिसतं, पण त्यात कचरा निराळा असतो: सुरूच्या झाडाच्या काड्यांचे तुकडे, केबिनच्या कोपऱ्यातल्या बुरशीचे काळे ठिपके, प्लायवुडचा भुसा. भुसा दिसला तर काळजी करा, कारण पाणी कुठल्या तरी लाकडाच्या पोटातून येतंय. टाकीच्या पाण्यात जवळजवळ काहीच दिसत नाही. मोरीचं पाणी बाटलीत घालून हलवलं की फेस धरतं.

डिझेलची इंद्रधनुषी झाक दिसली तर त्यावरून उगम ठरवू नका. ते पाणी इंजिनाखालून आलंय, एवढंच कळतं. त्याचा उपयोग दिशा ठरवायला होतो.

वेळ लिहा

वाटीने उगम कळतो, वेळेने खात्री पटते. तळातल्या एका बांकावर (बोटीच्या फासळीवर) सेंटिमीटरच्या खुणा करा आणि दर तीन तासांनी पातळी लिहा. सोबत पाऊस होता की उघडीप, एवढं पुरे. एक दिवस-रात्र लिहिलंत तरी चित्र दिसायला लागतं.

उघडीप असतानाही पाणी त्याच वेगाने चढत असेल तर ते नदीचं किंवा टाकीचं. टाकीचं ओळखायला टाकीची चावी बंद करून बघा. नळ बंद असताना प्रेशर पंप मधूनच टक् करून चालत असेल, तर एखादा पाइपचा जोड सुटलाय, आणखी शोधायला नको. पावसाबरोबर चढतं आणि पाऊस थांबल्यावर दोन-तीन तास रेंगाळून थांबतं, ते पावसाचंच. फायबरची बाहेरची भिंत आणि आतलं अस्तर यांच्यामध्ये साठलेलं पाणी हळूहळू खाली उतरत असतं, म्हणून उशीर लागतो.

एक गैरसमज इथे मोडायला हवा. "भरतीला गळती वाढते" असं बरेच जण सांगतात. तरंगत्या बोटीला भरती-ओहोटी कळत नाही. नदी दोन मीटर चढली तर बोटही दोन मीटर चढते, तिच्या अंगावरची पाण्याची रेषा तिथेच राहते. तरीही तुमच्या वहीत पाणी भरती-ओहोटीबरोबर बदलताना दिसत असेल, तर तीनच शक्यता आहेत. ओहोटीला बोट चिखलावर टेकून कलते आणि एरवी पाण्याबाहेर असलेली एखादी जागा बुडते. किंवा दोर आखूड बांधलाय, आणि भरतीला तो बोटीचं नाक खाली ओढतोय. किंवा ओहोटीची धार आणि पुराची धार एकत्र झाली की पंखा फिरायला लागतो आणि शाफ्टमधून पाणी येतं. तिन्हींचा इलाज सोपा आहे, फक्त कुठे बघायचं हे माहीत हवं.

पाणी पावसाचं निघालं तर

आधी हिशेब बघा. पणजीत जून ते सप्टेंबर सरासरी ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. १० मीटरच्या बोटीचा वरचा भाग २० चौरस मीटर धरला तर चार महिन्यांत तिच्यावर ६०,००० लिटर पाणी पडतं. १०० मिलिमीटरच्या एका दिवसात २,००० लिटर. त्यातला शंभरावा भाग आत आला तरी त्या एका दिवसात २० लिटर. म्हणून पावसाची गळती बारीक असली तरी पंपाला ती मोठी वाटते.

जागा शोधताना डाग जिथे दिसतो तिथे शोधू नका. कौलारू घरात जसं कौल एकीकडे सरकलेलं असतं आणि पाणी वाशावरून वाहत जाऊन भलतीकडे ठिबकतं, तसंच इथेही होतं. रेलिंगचे खांब, हॅचचं (डेकवरच्या झाकणाचं) रबर, खिडकीची चौकट, आणि सगळ्यात दुर्लक्षित म्हणजे वरचा डेक आणि खालची बोट जिथे जोडलेली असते तो कडेचा सांधा. बाहेरच्या लाकडी किंवा रबरी पट्टीखाली हा सांधा झाकलेला असतो. धक्क्याला बोट वर्षभर घासली की पट्टीचे स्क्रू सैल होतात आणि पाणी थेट आत उतरतं.

आतून शंकेच्या रेषेखाली वर्तमानपत्राच्या पट्ट्या चिकटवा आणि प्रत्येकीवर शाईच्या पेनने आडवी रेघ मारा. जिथे शाई आधी फुटेल, त्याच्या वर आणि नाकाच्या दिशेला शोधा. टाल्कम पावडरची युक्ती कोरड्या हवेत छान चालते, आपल्याकडे जुलैत तिचे गोळे होतात. उघडीप मिळाली तर बादलीने पाणी ओतून बघा, पण खालून वर जा. आधी कडेचा सांधा, मग खांब, मग खिडकी, शेवटी छप्पर. वरून सुरुवात केली तर सगळं एकदमच भिजतं आणि काहीच कळत नाही.

भर पावसात कायमची दुरुस्ती होत नाही, हे मान्य करा. ओल्या फायबरवर सिलिकॉन धरत नाही. वर त्याचा जो तेलकट थर राहतो, त्यावर नंतर चांगलं सीलंटही चिकटत नाही. मी तर बोटीवर सिलिकॉन ठेवतच नाही. तात्पुरतं भागवायला ब्यूटाइलची चिकट पट्टी किंवा पाण्याखाली घट्ट होणारी एपॉक्सी पुट्टी वापरा. खरी दुरुस्ती दसऱ्यानंतर: स्क्रू काढायचा, भोक थोडं मोठं करून एपॉक्सीने भरायचं, ते वाळल्यावर नव्याने भोक पाडायचं, आणि मग ब्यूटाइल किंवा पॉलियुरेथेन लावून स्क्रू बसवायचा. नुसतं वरून फासलेलं काही टिकत नाही.

त्यापेक्षा पाऊस बोटीवर पडूच न देणं बरं. कोकणातले मच्छीमार पावसाळ्याआधी होड्या शाकारतात, झापांनी किंवा ताडपत्रीने. आपण आत राहतो, म्हणून आपल्याला शाकारणी थोडी निराळी लागते. मध्ये बांबूचा कणा, दोन्ही बाजूंना चांगला उतार, आणि ताडपत्री केबिनच्या छपरापासून किमान हातभर वर, म्हणजे खालून वारा खेळतो. ताडपत्रीच्या कड्यांना थेट दोर बांधू नका, त्या पहिल्या वावटळीत फाटतात. कडेत बांबू गुंडाळून बांबूला दोर बांधा. दोर खालच्या कठड्याला बांधा आणि गाठ अशी मारा की अंधारात एका ओढीत सुटेल. वारा पिसाळला की ताडपत्री शीड होते. त्या वेळी ती उतरवता आली पाहिजे.

डेकवरून पाणी बाहेर जायची भोकं रोज संध्याकाळी हाताचं बोट घालून साफ करा. काठावर सुरूची झाडं असतील तर दोन वेळा. भोक तुंबलं की डेकवर चार बोटं पाणी साठतं आणि लॉकरच्या झाकणावरून सरळ आत जातं. अशा रात्री पंप धो-धो चालतो, आणि सकाळी भोक मोकळं केलं की चमत्कार झाल्यासारखा थांबतो.

डोलकाठी असलेल्या शिडाच्या बोटींनी एवढं लक्षात ठेवा की काठी बहुधा आतून पोकळ असते आणि वरच्या कप्प्यांमधून पाऊस तिच्यात शिरतो. काठी डेकमधून खाली तळापर्यंत जात असेल, तर थोडं पाणी येणारच.

पाणी नदीचं निघालं तर

घाबरू नका, पण टाळूही नका. आधी सगळे सीकॉक, म्हणजे बोटीच्या अंगातून पाण्यात उघडणाऱ्या पाइपांच्या झडपा, बंद करा आणि तीन तास पातळी बघा. थांबलं, तर एकेक उघडत कुठल्या पाइपचा दोष आहे ते शोधा. प्रत्येक सीकॉकशेजारी मऊ लाकडाचं निमुळतं बूच दोरीने बांधून ठेवा. हे का, ते आकड्यातच दिसतं. पाण्याखाली ६० सेंटिमीटरवरचा २५ मिलिमीटरचा पाइप निसटला तर मिनिटाला साधारण ६० लिटर पाणी आत येतं. ५०० गॅलनचा म्हणून विकला जाणारा पंप तासाला १,९०० लिटर फेकतो, म्हणजे मिनिटाला ३२ लिटरही नाही, आणि तेही पाणी उंच चढवायचं नसेल तर.

शाफ्टचा ग्लँड पुढचा संशयित. जुन्या पद्धतीच्या, ग्लँड दोरी भरलेल्या शाफ्टला इंजिन चालू असताना मिनिटाला दोन-चार थेंब गळायलाच हवेत, दोरीला ओल त्यातूनच मिळते. बंद असताना मात्र थांबायला हवं. पावसाळ्यात बोट महिनोन्‌महिने उभी असते, दोरी कडक होते, आणि गढूळ पाण्यातला गाळ तिच्यात शिरून शाफ्ट घासतो. त्यात पुराची धार पंख्याला फिरवते. इंजिन बंद, गिअर न्यूट्रलमध्ये, आणि शाफ्ट रात्रभर आपला फिरतोय, गिअरबॉक्सला वंगण नाही, असं अनेक बोटींवर चालू असतं आणि आत झोपलेल्याला पत्ता नसतो. धार वाढली की शाफ्टला दोर गुंडाळून बांधून टाका, आणि "शाफ्ट बांधलाय" अशी चिठ्ठी इंजिनाच्या चावीलाच अडकवा. ग्लँडखाली कोरडा कागद ठेवला की गळती लगेच कळते. नट आवळायचे तर दोन्ही सारखे, एका वेळी पाव फेरा, आणि मग थांबून बघायचं. पाण्यावर असताना दोरी पूर्ण काढायचं धाडस करू नका. फारच येत असेल तर बाहेरून ग्रीस लावलेलं कापड घट्ट गुंडाळा आणि बोट ओढायची तजवीज करा.

आता ज्या दोषावर माझ्या मते सगळ्यात जास्त पंप वाया जातात तो. पंपाचंच पाणी परत येतं.

पंपाच्या पाइपचं बाहेरचं तोंड मे महिन्यात पाण्याच्या रेषेच्या वर असतं. पाऊस सुरू झाला की बोट खाली बसते. गोड्या पाण्याचं उचलण्याचं बळ खाऱ्यापेक्षा अडीच टक्क्यांनी कमी, पण ६ टनांच्या बोटीला त्याने जेमतेम सेंटिमीटरभर फरक पडतो. खरा फरक सामानाचा. आमच्या आकाराच्या बोटीला साधारण १८० किलोला एक सेंटिमीटर असा हिशेब बसतो. पावसाळ्यासाठी भरलेलं डिझेल, भरलेली टाकी, तांदूळ, ओल्या ताडपत्र्या, ओले दोर, आणि तळातलं पाणी. हे सगळं बहुतेक मागच्या बाजूला असतं, म्हणून मागचा भाग जास्तच बसतो. पाइपचं तोंड बहुधा तिथेच असतं. ते पाण्याला टेकलं, पंप थांबला, आणि पाइप भरलेला राहिला, की सायफन लागतो आणि नदी त्याच पाइपमधून आत येते. फ्लोट उचलला जातो, पंप चालतो, थांबतो, पुन्हा सायफन.

याची खूण अगदी स्पष्ट आहे. पाऊस असो-नसो, पंप घड्याळ लावल्यासारखा ठरावीक अंतराने चालतो. पंप थांबताक्षणी पाइपवर तळहात ठेवा. थरथर थांबल्यावरही पाइपमध्ये गार पाणी सरकताना हाताला जाणवतं, आणि तळात पंपाच्या जाळीतून छोटा उकळा फुटताना दिसतो. टॉर्च लावून मिनिटभर बघितलं की शंका राहत नाही. नुसता पाइपातला स्तंभ परत पडत असेल, तर उकळा लगेच थांबतो. २५ मिलिमीटरच्या ३ मीटर पाइपात दीड लिटर पाणी असतं, आणि तळ अरुंद असेल तर तेवढंही फ्लोट उचलायला पुरतं. अशा वेळी फ्लोट स्विच थोडा उंच बसवला की काम होतं. उकळा चालूच राहिला तर तो सायफन.

दुकानदार एकमार्गी झडप देतो. ती बसवू नका. काथ्या, केस, डिझेलचा चिकटा अडकून ती उघडी राहते, किंवा मग बंदच राहते आणि पंप नुसता घरघरतो. पाइप डेकखाली शक्य तितका उंच नेऊन उलट्या यू आकारात वळवा, त्या वळणाच्या माथ्यावर हवेची बारीक झडप ठेवा, आणि बाहेरचं तोंड आधीपेक्षा वर घ्या. तेवढं पावसात जमत नसेल तर जड सामान पुढे हलवा. डिझेलचे कॅन मागून नाकाकडे नेले की त्या रात्रीपुरता पंप शांत झालेला मी पाहिलाय.

पुराच्या रात्री

वाटी, वही सगळं ठीक, पण पुराच्या रात्री एक निराळीच गळती येते. २०२१ च्या जुलैत शापोऱ्याला जो पूर आला, त्या वेळच्या गोव्यातल्या एकंदर पुराला मुख्यमंत्र्यांनी १९८२ नंतरचा सर्वांत मोठा म्हटलं होतं. वर डोंगरात पाऊस, तिलारी धरणाचा विसर्ग, आणि त्यात अमावस्या-पौर्णिमेचं उधाण जुळून आलं, की नदीला समुद्रात उतरायला वाट राहत नाही. वाहून येतात ते माड, बांबूची बेटं, केळीचे गड्डे. हे सगळं नांगराच्या दोरावर अडकतं, धार त्यावर जोर करते, आणि बोटीचं नाक खाली दबतं. नाकातल्या नांगराच्या लॉकरची निचऱ्याची भोकं पाण्याखाली गेली की नदी तिथून आत येते. पंप असतो मागे, त्याला कळेपर्यंत पुढचा भाग भरलेला असतो. म्हणून पुराचा इशारा आला की ही भोकं आतून बुचाने बंद करा.

दोर दोन दिशांना आणि ढिले ठेवा, नदी चढायला जागा द्या. धक्क्याला आवळून बांधलेली बोट पाणी चढल्यावर एका बाजूला लटकते. जिथे दोर घासतो तिथे जुना रबरी पाइप चढवा. लांब बांबू आणि धारदार कोयता हाताशी हवा. अडकलेलं झाड बांबूने ढकलायचं, स्वतः पाण्यात उतरायचं नाही, रात्री छोट्या होडीने किनारा गाठायचा प्रयत्न करायचा नाही. तिलारीच्या विसर्गाची सूचना दोडामार्गाकडून आधी कळते, तिकडच्या ओळखीच्या माणसाचा फोन नंबर जवळ असू द्या. उतरायचं असेल तर उजेडात उतरा.

वीज

पंपाचा हिशेब साधा आहे. ३ अँपिअरचा पंप तासातून दहा मिनिटं चालला तर दिवसाला १२ अँपिअर-तास. २०० वॉटचं सोलर पॅनेल चांगल्या उन्हात दिवसाला ६० च्या पुढे देतं, दाट ढगांत १०-१५ वर येतं. म्हणजे पावसाळ्यात ते पॅनेल पंपालाच जेमतेम पुरतं. फ्रिज आणि इन्व्हर्टर बंद ठेवा. फ्लोट अडकून पंप सतत चालला तर दिवसाला ७२ अँपिअर-तास जातात आणि १०० ची बॅटरी दीड दिवसात आडवी होते. तळातले वायरचे जोड हिरवे पडले असतील तर कापून नवे करा, चिकट अस्तराची हीट-श्रिंक (तापवली की आवळणारी) नळी घाला, आणि ते पाण्याच्या पातळीच्या वर टांगा. मुख्य फ्लोटच्या हातभर वर दुसरा फ्लोट लावून त्याला फक्त भोंगा जोडा. स्वस्त आहे, आणि माणसाला उठवतो.

श्वासाचं पाणी

गादीखाली, कपाटामागे, खिडकीच्या कडेला जे पाणी दिसतं ते बहुतेक आपलंच. एक किलो गॅस जळला की दीड किलोहून अधिक पाणी वाफ होऊन केबिनमध्ये येतं, त्यात भाताची वाफ आणि दोन माणसांचा श्वास. यासाठी पंप-सीलंट काही कामाचं नाही. स्वयंपाक करताना वाऱ्याच्या आडोशाची एक खिडकी उघडी ठेवा, गादीखाली लाकडी फळ्यांची जाळी घाला, कपाटांची दारं उघडी ठेवा. बुरशी व्हिनेगरने पुसा. ओले कपडे आत वाळत घालायचा मोह आवरा, ते ताडपत्रीखाली बाहेर.

दोन पाणी एकत्र असतील तर

हे वारंवार होतं आणि सगळ्यात जास्त गोंधळ याचाच. वाटीत तांबूस सायही आहे आणि सुरूच्या काड्याही. अशा वेळी आधी पाऊस थांबवा, म्हणजे शाकारणी पूर्ण करा, मग उघडिपीतली पातळी लिहा. उरेल ते नदीचं. ते रोज तेवढंच असेल आणि बादलीभराच्या आत असेल, तर नारळी पौर्णिमेपर्यंत थांबता येतं. रोज वाढत असेल तर थांबू नका. भर पावसातही जवळच्या यार्डात जागा मिळवा.

बोट ओढल्यावर बहुतेक जण बाहेरून तडे शोधतात आणि रंगाखाली काही सापडत नाही. आतून शोधा. बोट पाटावर नीट टेकली की बाहेरचं अंग पूर्ण पुसून कोरडं होऊ द्या, मग तळात बादलीने थोडं थोडं पाणी ओता. एकदम भरू नका, आधाराचे खांब त्या वजनाला बांधलेले नसतात. त्या पाण्यात थोडा खायचा लाल रंग घाला आणि बाहेर बोटीखाली जाऊन बसा. जिथून नदी आत येत होती, तिथूनच ते लाल पाणी बाहेर पाझरतं. त्या जागेवर खडूने गोल करा, मिस्त्रीला तेवढंच दाखवा, आणि बाकीच्या बोटीला हात लावू देऊ नका.